ॲलिक रेनीची अकरा मिनिटं

मोराग टेलफर फक्त पत्ता आणि जन्मतारीख ताडून घ्यायला आली होती. फुटबॉल संघटनेच्या जुन्या नोंदी सांभाळणारी ही बाई चहा घेऊन चारच्या बसने परत जाणार होती. निनियन गिलक्रिस्टने शॉर्टब्रेड बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली आणि सांगितलं, की ती टोपी त्याची नाही.

तिने पेन खाली ठेवलं.

निनियनच्या काळी स्कॉटलंडकडून खेळणाऱ्याला मखमली टोपी मिळे, पण इंग्लंड, वेल्स नाहीतर आयर्लंडशी खेळला तरच. दुसऱ्या कुठल्या देशाशी खेळलेला माणूस हात हलवत घरी यायचा. आता संघटनेने अशा म्हाताऱ्यांना उशिरा का होईना टोप्या द्यायचं ठरवलं होतं. यादीत निनियन होता. पंचावन्न वर्षांपूर्वीचा उन्हाळी दौरा, एक सामना, बदली खेळाडू म्हणून शेवटची अकरा मिनिटं. किर्कलॉडन गावातून देशाकडून खेळलेला तो एकटाच, असं क्लबच्या भिंतीवर रंगवलेलं होतं.

"मग कुणाची?" मोरागने विचारलं.

"ॲलिक रेनीची."

स्वयंपाकघरात झाकण आपटलं. निनियनची बायको ग्रेटा सकाळपासून धुसफुसत होती. ओटची लापशी वाढताना ती एवढंच म्हणाली होती, की एकदा सही केलीस की तुझ्या नावावर काही उरणार नाही. त्यावर निनियन म्हणाला होता, की जे होतं त्याचंही आता ओझंच झालंय.

ॲलिक त्याच्याच क्लबचा, डाव्या बाजूने पळणारा. त्या दौऱ्यावर दोघेही गेले होते. परत आल्यावर ॲलिकने खाणीच्या कँटीनमध्ये सांगितलं, की मी देशाकडून खेळलो. नोंदीत नाव निनियनचं होतं, त्यामुळे माणसं हसली. पुढे पन्नास वर्षं हसत राहिली. "देशाचे कप्तान, जरा मीठ द्या इकडे," असं चालायचं. ॲलिकने शब्द मागे घेतला नाही आणि निनियन कधी मध्ये पडला नाही.

फेब्रुवारीत ॲलिकला पुरलं. शवपेटी खाली सोडताना डोक्याकडची दोरी निनियनच्या हातात होती. नंतर हॉटेलात सूप पिताना कुणीतरी ग्लास उंचावून म्हणालं, स्वप्नात देशाकडून खेळलेल्या ॲलिकसाठी. सगळे हसले. ॲलिकची बायको एफी हसली नाही. ती निनियनजवळ येऊन बसली.

"निन, तू होतास तिथे," ती म्हणाली. "माझा माणूस आयुष्यभर माझ्याशी खोटं बोलला का रे?"

निनियन सूप ढवळत राहिला होता.

मोरागला त्याने सगळं क्रमाने सांगितलं. सामानाची एक पेटी विमानतळावरच राहिली होती. बदली खेळाडूंसाठी दोनच शर्ट उरले, चौदा आणि पंधरा. पाठीवर नावं नसायची. पंधरा नंबर ॲलिकला काखेत आवळत होता, म्हणून दोघांनी अदलाबदल केली. स्कॉटलंडचा एकच बातमीदार आला होता, तोही पार वरच्या रांगेत. चौदा नंबर मैदानात उतरलेला त्याने पाहिला, हातातली यादी पाहिली आणि गिलक्रिस्ट म्हणून बातमी धाडली. तीच पुढे नोंदीत गेली.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बसलो."

त्या अकरा मिनिटांत काय झालं, असं तिने विचारलं. जमीन भाजलेल्या विटेसारखी होती, निनियनने सांगितलं. पहिला चेंडू नडगीवर आपटून बाहेर गेला. दुसरा डावीकडून आत टाकला, तो आडव्या दांडीला लागला. त्यानंतर छातीत श्वास मावेना. घामाने डोळे झोंबत होते.

"बाकावरून एवढं दिसलं?"

"बाकावरूनच सगळं दिसतं. कोच उगाच बसत नाही तिथे."

मोराग पहिल्यांदा हसली. गावात ती दोघा-तिघांना भेटून आली होती. क्लबचा कोच म्हणून निनियन दगडासारखा होता, पण खोटं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं.

"कोचचं कामच ते," निनियन म्हणाला. "समोर बसवायचं आणि सांगायचं, तुझं संपलं. पंधरा वर्षं दर उन्हाळ्यात सांगत आलो. ॲलिकलाही मीच सांगितलं. तो म्हणाला, बरं. आणि बूट उचलून गेला."

त्याने गुडघा चोळला. हल्ली बसलं की दुखायचा आणि उठलं की जास्त दुखायचा.

मोरागने जबाब लिहून काढला आणि वाचून दाखवला. यादीतून नाव निघेल, क्लबलाही कळवावं लागेल, याची कल्पना आहे ना, असं तिने दोनदा विचारलं. निनियनने सही केली. टोपी एफीच्या हातात द्यावी आणि कारण चारचौघांत वाचून दाखवावं, एवढीच त्याची मागणी होती. तिने कबूल केलं आणि चारची बस गाठली.

ग्रेटा हात पुसत बाहेर आली. तिने मोरागचा कप उचलला, पण गेली नाही.

"उद्यापासून गाव तुला चोर म्हणेल."

"म्हणू दे. एफीला तर झोप लागेल."

तिने कप परत खाली ठेवला.

"आणि तू धावत होतास तेव्हा ॲलिक कुठे होता?"

"बाकावर," निनियन म्हणाला. "पंधरा नंबर घालून, अगदी शेवटपर्यंत."