अठरा टक्के

मालनमावशीनं चितेगावच्या एका कंपनीत अकरा वर्षं पॅकिंगचं काम केलं. तिला ऐकू येत नाही हे साहेबांच्या लक्षात आलं आणि गेल्या महिन्यात तिला कामावरून काढलं. दिव्यांग पेन्शन मिळाली तर एकट्या मावशीला तेवढाच आधार होणार होता. त्यासाठी किमान चाळीस टक्के बहिरेपणाचा दाखला लागतो, म्हणून भाची अमृता तिला शहरात तपासणीला घेऊन आली.

"मावशी, आवाज आला तरच हात वर करायचा. अंदाजानं नाय," अमृतानं रिक्षात दोनदा सांगितलं. मावशीनं दोन्ही वेळा मान हलवली.

तपासणीच्या खोलीला मोठी काच होती. मावशी हेडफोन लावून आत बसली आणि तंत्रज्ञ बाहेर यंत्रापाशी. वीस मिनिटांनी कागद हातात आला. बहिरेपण अठरा टक्के.

अमृतानं आकडा पुन्हा वाचला. घरात मावशीला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नव्हती. तिनं मावशीसमोर उभं राहून सावकाश विचारलं, "खरंच आवाज येत होता?"

"काय बी नाय. पर त्यानं बटण दाबलं की काचंतून दिसायचं. दोन-चारदाच चुकले मी."

"अगं, पण असं का केलंस?"

मावशीनं कागदाची नीट घडी घालून तो पिशवीत ठेवला.

 

"उद्या हा कंपनीच्या सायबाला दावू. आता कामावर कसं घेत नाय, बघतेच."