बाटलीला नियम नको

कोल्ड्रिंकमधली साखर कमी करायचा नियम सरकार आणणार, हे कळताच आमच्या कोल्ड्रिंक कंपनीने आमच्या झ्वेलित्शा वस्तीतल्या हॉलमध्ये सभा भरवली. आम्हा ट्रक ड्रायव्हरांना लाल टीशर्ट घालून पुढच्या रांगेत बसवलं, टाळ्या वाजवायला. आमचे मॅनेजर गात्येनीसाहेब माइकवर गरजले, "लोक काय कुक्कुली बाळं आहेत? काय प्यावं ते ज्याचं त्याला कळतं! नियम हवेत कशाला?" आम्ही टाळ्या पिटल्या.

दोन दिवसांनी कंपनीच्या नर्सने आमचं रक्त तपासलं. माझी साखर नको तितकी चढलेली. चढणारच! इतकी वर्षं ट्रकवर पाण्याऐवजी कंपनीचं कोल्ड्रिंकच फुकट मिळतंय. दुपारी अर्ध्या पावाबरोबर तेच ढोसायचं, उन्हात घसा सुकला की पुन्हा तेच.

गात्येनीसाहेबांनी माझ्याकडून ट्रकची किल्ली काढून घेतली. "साखर एवढी वाढलेल्याने ट्रक चालवायचा नाही, लुंगिसाभाऊ. कंपनीचा नियम आहे. उद्यापासून येऊ नकोस."

माझं टाळकंच सटकलं. "परवा तर माइकवर बोंबलत होतात, नियम हवेत कशाला म्हणून! आणि मला मात्र नियम? माझ्या तब्येतीची एवढी काळजी कधीपासून वाटायला लागली तुम्हाला?"

मी का चिडलोय, हेच साहेबांना कळेना.



"तुझ्या तब्येतीची कुठे रे? चालवताना तुला चक्कर आली आणि ट्रक उलटला, तर आतल्या बाटल्या फुटतील ना!"