आजींचे दहापैकी दहा

“माझे कान खणखणीत आहेत, सूनच तोंडातल्या तोंडात बोलते,” आजी वर्षभर चारचौघांत सांगत होत्या. शेवटी कॉलेजातली नात म्हणाली, “भांडून कळत नसतं. प्रश्न ठरला, तुम्हा दोघींचे अंदाज वहीत लिहिले, आता तपासू.” तिनं मोबाइलला जोडलेला हेडफोन आजींना लावला आणि दहा वेळा बटण दाबायचं ठरवलं. आवाज आला की हात वर करायचा. दहाही वेळा हात तोऱ्यात वर गेला. “बघितलंस?” त्यांनी समोरच्या सुनेला सुनावलं. नातीनं मान खाली घातली. “आजी, तीनदा आवाज सोडलाच नव्हता, नुसतं बटण दाबलं.” आजींची कानशिलं तापली, त्यांनी तिच्या बटणावरच्या बोटावरच नजर ठेवली होती. “खोड ते.” “खोडायचं नसतं गं. घडलं तेच लिहायचं.” आजींनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. “पुन्हा घे.” या वेळी हात दोनदाच उठला. त्या भिंतीलाच म्हणाल्या, “लिही, दोन. आणि लिही, सून नीटच बोलत होती.”