कागदाशिवाय

“आज जोरात चाललंय की,” आतल्या खोलीतून, अंथरुणाला खिळलेली बायको म्हणाली. ते टाइपरायटरवर आणखी जोरात टाइप करू लागले.

मध्यंतरी लेकीने त्यांना कादंबऱ्या लिहायला कॉम्प्युटर घेऊन दिला, टाइपरायटर माळ्यावर गेला आणि घर गप्प झालं. पडद्यावर लिहिलेली ओळ ते लगेच खोडायचे आणि शेवटी पत्त्यांचा खेळ लावून बसायचे. लग्नाआधी टायपिंग शिकवणाऱ्या बायकोला मात्र ही शांतता खायला उठायची. “माझ्या आजारपणापायी तुमचं लिहिणं सुटलं,” असं ती म्हणाली, त्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून टाइपरायटर खाली काढला.

पण कादंबरी काही सुचत नव्हतीच. रोज सकाळी ते कागद न लावताच बोटं आपटत बसत. ओळ संपल्याची घंटी वाजली की आत ती हसायची, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज ते थांबताच तिने हाक मारली.

“अहो, उद्यापासून एखादा कागद लावत जा. नुसत्या रोलरवर अक्षरं आपटली की आवाज कडक येतो, रोलरही खराब होतो. पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण माझ्यासाठी एवढे बसताय, म्हटलं बसू द्यावं.”