एका ओळीची तक्रार

"तुम्ही भेकड आहात, साहेब! खुर्ची जाईल म्हणून नाटक बंद पाडलंत, आणि कोणाच्या सांगण्यावरून ते बोलायचीही छाती नाही तुमची!"

ल्युत्सिना व्रोना बसायला तयार नव्हती. नगरपालिकेच्या त्या खोलीत ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. ओव्हरकोटाची एक बाही अंगात, दुसरी फरशीवर लोळत होती. उद्या तेरा डिसेंबर. उद्या संध्याकाळी तिच्या 'तळघर' नाटकाचा पहिला प्रयोग होता. आज सकाळी ती नाट्यगृहावर पोचली, तर एक माणूस शिडीवर चढून जाहिराती उतरवत होता.

संस्कृती खात्याचे साहेब चहाच्या पेल्यात उगाचच चमचा फिरवत होते.

"ल्युत्सिनाबाई, तक्रार आली आहे."

"कोणाची?"

"सांगता येत नाही."

"वा! तेव्हाही हेच चालायचं. कोणीतरी चिठ्ठी लिहायचं, कोणीतरी आत जायचं, आणि नाव म्हणे सांगता येत नाही!"

हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिच्या बापाला असंच नेलं होतं. एक्क्याऐंशीचा डिसेंबर, तेरा तारखेला लष्करी कायदा पुकारलेला, रस्त्यांवर रणगाडे, ती सात वर्षांची. बाप कोळशाच्या खाणीत कामाला, बंदी घातलेल्या कामगार संघटनेचा माणूस. इमारतीच्या तळघरात कोळशाच्या ढिगाखाली त्याने पत्रकं दडवली होती. कोणीतरी खबर दिली. आठ महिने त्याला डांबून ठेवलं, मग हातात परत न येण्याचा पासपोर्ट ठेवला. तो जर्मनीत गेला आणि तिथेच मेला.

त्या बापाने तिला लेखिका केलं. वर्तमानपत्रांच्या टपरीत चौदा वर्षं बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, न खपलेल्या अंकांच्या कोऱ्या कडांवर ती लिहीत राहिली. तीन कादंबऱ्या झाल्या. तिन्हींत बाप. तिसरीला वॉर्सात मोठं बक्षीस मिळालं आणि टपरी सुटली.

खबर कोणी दिली तेही तिने शोधलं होतं. सरकारी दफ्तरातली चिठ्ठी निनावी होती, एका ओळीची. पण पुढच्याच वर्षी त्यांच्याच जिन्यावरच्या शेजारीण गेनोवेफाबाईंकडे टेलिफोन आला. बाकीचे वीस-वीस वर्षं यादीत ताटकळत होते. आणखी पुरावा कशाला हवा? कादंबरीत तिने बाईचं नाव बदललं, टेलिफोन तेवढा ठेवला. सगळ्या वस्तीने बरोबर ओळखलं.

ती टेबलावर वाकली. "त्या म्हातारीचंच काम ना हे? तेव्हाही तीच, आत्ताही तीच! चौऱ्याऐंशीची झाली तरी चहाडीची खोड जात नाही!"

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "या वेळी खाली सही आहे, बाई. आणि सही करणारी शेजारच्या खोलीत बसली आहे. तुम्ही येणार हे तिला ठाऊक होतं."

त्यांनी दार उघडलं. लोकरीची टोपी सावरत आत आली ती ल्युत्सिनाची आई, अपोलोनिया.

"खाली रस्त्यापर्यंत ऐकू येतंय तुझं," आई म्हणाली.

"आई? बाबांचं नाटक तू बंद पाडलंस?"

"मी. बस आधी."

"मला सांगायचं होतंस! सरळ नगरपालिकेत?"

"सांगायला आले होते. तीनदा. दर वेळी म्हणालीस, आई, आत्ता नको, लिहितेय." आई स्वतःच खुर्चीवर बसली. "पुस्तकाचं मी सोसलं. आपल्या इमारतीत वाचतंय कोण! तरी त्या गेनोवेफाच्या दारावर कोणीतरी लाल रंगाने 'खबरी' लिहून गेलंच. मी घासून काढलं. आता तू तिला रंगमंचावर उभी करणार, आणि शाळांच्या बसगाड्या भरून पोरं बघायला आणणार."

"तिने बाबांना विकलं, आई! तो टेलिफोन..."

"तिचा नवरा खाणीच्या बचाव पथकात होता, गाढवे. खाली स्फोट झाला तर त्याला बोलवायचं कसं? कबुतर पाठवून?"

साहेब हळूच बाहेर जायला निघाले. "थांबा," आई म्हणाली. "तुम्हीही ऐका. ती एक्क्याऐंशीची चिठ्ठी मी लिहिली होती. डाव्या हाताने. उजवा प्लास्टरमध्ये होता."

ल्युत्सिनाच्या येरझाऱ्या थांबल्या.

"तुझा बाप शूर होता. बाहेर. दारू पिऊन घरी आला की कोण होता, ते तू विसरलीस. मीच तुला विसरू दिलं. पोलिसांकडे चार वेळा गेले. म्हणाले, नवरा-बायकोचं घरात मिटवा. पाद्रीबाबा म्हणाले, सहन कर, मुली. संघटनेच्या त्याच्या दोस्तांना सांगितलं, ते म्हणाले, ताई, सध्या देश महत्त्वाचा आहे. त्या आठवड्यात त्याने तुला बाल्कनीच्या कठड्याबाहेर धरलं होतं. चौथ्या मजल्यावर. मी सोडवायला गेले, तेव्हा हात मोडला." तिने श्वास घेतला. "मग मी लिहिलं, तळघरात पत्रकं आहेत. मार खाते म्हटलं तेव्हा एक कुत्रं आलं नाही. पत्रकं म्हटल्यावर तासाभरात पाच जण आले."

ल्युत्सिनाने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"बघतेस काय अशी? तीन कादंबऱ्या लिहिल्यास, बक्षीस घेतलंस. शब्द तुझ्याकडे आहेत," आई म्हणाली. "मग सांग ना, त्या हिवाळ्यात मी दुसरं काय लिहायला हवं होतं?"