जेवणाची सुट्टी

तोफगोळ्यांच्या कारखान्यावर शत्रूची विमानं रोज भरदुपारी बाराला यायची. काम दोनदा थांबायला नको, म्हणून पेंडसेसाहेबांनी जेवणाची सुट्टी हल्ल्यालाच जोडून टाकली. भोंगा झाला की खंदकात उतरायचं आणि तिथेच डबा उघडायचा.

आज दोन वाजले तरी आभाळात घारीशिवाय काही नव्हतं. लेथवरच्या रखमाजीच्या पोटात कावळे ओरडू लागले.

"साहेब, आज काही ती येत नाहीत. सोडा की जेवायला!"

"हल्ला नाही तर सुट्टी नाही. फलकावर लिहिलंय."

रोज खंदकात जीव मुठीत धरून देवाचा धावा करणारा रखमाजी आज मशीनपाशी उभ्या उभ्या त्याच देवाला विमानं धाडायला सांगू लागला.

पावणेतीनला भोंगा वाजला. "आली, आली!" करत सगळे हसत खंदकाकडे पळाले. रखमाजीने भाकरीचा पहिला घास मोडला, तोच धोका टळल्याचा भोंगा झाला. विमानं एक घिरटी घालून परत फिरली होती.

"चला, सुट्टी संपली," साहेब म्हणाले.

रखमाजीने भाकरी आभाळाकडे उगारली. "अरे लेकांनो, इथवर आलात, तर एखादा बॉम्ब तरी टाकून जायचं!"