आडवी लहर

आज जमिनीखालचा खडक तपासायच्या ठोक्याची पाळी तात्यांची होती. त्यांनी चौकातल्या लोखंडी प्लेटवर घण घातला. त्यांची सून मृदुला स्क्रीनकडे पाहत होती. जमिनीखाली दर किलोमीटरला एक यंत्र होतं; घावाची सरळ लहर पाच किलोमीटरवरच्या यंत्रापर्यंत पोहोचली. आडवी मात्र चारवरच संपली.

"माझाच घाव हलका पडला," तात्या म्हणाले. "सकाळपासून नुसत्या चहावर आहे."

"घावाचा दोष नाही, तात्या. आडवी लहर द्रवातून जात नाही. खालचा खडक वितळलाय."

"काहीतरीच! कालपर्यंत घट्ट होता की!"

त्यांनी सगळा जोर लावून दुसरा घाव घातला.

या वेळी आडवी लहर कुठवर गेली ते मृदुलाने स्क्रीनवर पाहिलं. तिने नुसती तीन बोटं दाखवली.

तात्यांनी तिसऱ्यांदा घण डोक्यावर उचललाच होता. आता तो खाली टेकवायचीही त्यांची छाती होईना.